डाव्या हाताची दाढ

आमच्या डॉक्टरांना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत. मेहकरच्या बाजारात कोणी समोरून येऊन नमस्कार केला, की ते थांबत, चष्म्याच्या वरून बघत आणि म्हणत, "तोंड उघडा." समोरचा माणूस भाजीची पिशवी सावरत, इकडंतिकडं बघत अर्धंमुर्धं तोंड उघडे. मग डॉक्टरांचा चेहरा एकदम खुले. "अरे, खालची उजवी सातवी! काय म्हणते? आता दुखत त नाही ना?" दाढ ठीक आहे हे कळलं की मग शेताची, सोयाबीनची, मुलीच्या सासरची चौकशी होई. एका दाढेच्या मागोमाग त्यांना त्या माणसाचं सगळं घरदार आठवत असे.

त्यांच्याकडं शिकायला जाणाऱ्या आम्हा मुलांनाही त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. माझा वरचा एक सुळा हिरडीत उंचावर आलेला आहे, म्हणून मी 'सुळेवाली'. धाड गावच्या गजाननच्या पुढच्या दोन दातांत फट होती, म्हणून तो 'फटीवाला'. पहिल्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. त्या सुळ्यापायी मी दहावीच्या निरोपाच्या फोटोतसुद्धा ओठ घट्ट मिटून उभी आहे. पण डॉक्टर तो शब्द असा उच्चारत, जसं एखाद्याला सरपंच म्हणावं. आठवड्याभरात मला त्या हाकेची सवय झाली, आणि महिन्याभरात मी ओठ न मिटता हसायला लागले. हे कधी झालं ते मला कळलंही नाही.

मी आता स्वतः दातांची डॉक्टर आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. बाबा जानेफळ ते मेहकर काळी-पिवळी जीप चालवायचे, आई अंगणवाडीत मदतनीस होती. अभ्यास मी गावातल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून केला. तिथून या खुर्चीपर्यंत येताना बरीच माणसं उपयोगी पडली. पण कोणी विचारलं, तर मी आधी त्या एका उन्हाळ्याचं आणि त्या एका माणसाचं सांगते.

नीटची परीक्षा झाली, की निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होईपर्यंत काही आठवडे मोकळे मिळतात. त्या आठवड्यांत डॉक्टर आपल्या दवाखान्याच्या माळ्यावर खेड्यापाड्यातली आठ-दहा मुलंमुली जमवत. दातांच्या कॉलेजात गेल्यावर पहिल्या वर्षी काय काय समोर येतं, ते सगळं आधीच आमच्या हातांखालून घालायचं, हा त्यांचा उद्योग. त्याला नाव नव्हतं, पाटी नव्हती. गावात त्याला नुसतं 'उन्हाळी' म्हणत. "कुठं चालली वं?" "उन्हाळीले." एवढं पुरे व्हायचं.

उन्हाळीला एकच अट होती. ज्याच्या घरी आधीच कोणी डॉक्टर आहे, त्यानं यायचं नाही. एकदा गावातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या बाई मुलाला गाडीतून घेऊन आल्या. डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं, मुलाचं तोंड उघडून पाहिलं, दात उत्तम आहेत म्हणून सांगितलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या घरी तपासायची खुर्ची आहे. याला तिच्यावर बसवा, तिच्याशेजारी उभं करा. इथं ज्यांनी अशी खुर्ची कधी पाहिलेली नाही, त्यांचा वर्ग आहे." बाई रागावून गेल्या. सुमनबाई, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मदतनीस, म्हणाल्या, "एकाले घेतलं असतं त काय माळा पडणार होता?" डॉक्टर म्हणाले, "माळा नसता पडला. याहीचं तोंड बंद झालं असतं." आणि त्यांनी आमच्याकडं बोट केलं.

ही तोंड बंद होण्याची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीही कूलरमध्ये पाणी ओतता ओतता, आमच्याकडं पाठ करून. ते स्वतः मेहकर तालुक्यातल्या खेड्यातले. कॉलेजच्या पहिल्या दिवशी वर्गात उभं राहून 'मले' म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. "त्याच्यानंतर सहा महिने म्या तोंड उघडलं नाही," ते म्हणाले. "दातांच्या कॉलेजात." मग रिकामी बादली गजाननच्या हातात देऊन ते खाली गेले.

उन्हाळीत घ्यायच्या आधी ते परीक्षा घेत. कागद नाही, पेन नाही. अर्धवट भाजलेल्या वीस शेंगा प्रत्येकाच्या वाटीत. शेंग फोडायची, तिच्यातल्या एका दाण्याचं लाल साल काढायचं, पण दाणा दुभंगता कामा नये. कॉपी नको म्हणून सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करून, वाटी मांडीत घेऊन बसायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. घरी करून पाहा. भाजलेला दाणा जरा जास्त दाबला की दोन फाकी होतात. गजाननचे अकरा वाचले. माझे वीसच्या वीस अख्खे निघाले. डॉक्टरांनी माझी वाटी उचलून खिडकीपाशी नेली, एक एक दाणा उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "उद्यापासून ये."

ही परीक्षा ते स्वतःचीही घेत. दर सोमवारी पहिला रुग्ण यायच्या आधी वीस शेंगा. मी त्यांना हसून विचारलं होतं, सर, तुमाले कायले पाहिजे हे? त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर मला मागच्या वर्षी सुमनबाईंच्या फोनवरून मिळालं. एका सोमवारी वीसपैकी तीन दाणे फुटले. पुढच्या सोमवारी पाच. तिसऱ्या सोमवारी डॉक्टरांनी रुग्ण पाहणं बंद केलं. कोणाचं काही बिघडलं नव्हतं, कोणी तक्रार केली नव्हती. माळ्यावरची उन्हाळी मात्र चालू आहे.

आमचा दिवस सकाळी बाकावर सुरू होई. दवाखान्यात आलेल्या रुग्णाशेजारी बसायचं आणि त्याला काय होतंय ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचं. स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही. माझी ती वही अजून आहे. तिच्यात ठणका आहे, सणक आहे, चमक आहे. 'गार पाणी पेलं की दात आंबते' आहे. 'दाढेत कोणी चालून राह्यलं' आहे. गजाननला पुस्तकी लिहायची हौस. त्यानं एका आजोबांपुढं 'तीव्र वेदना' लिहिलं. डॉक्टरांनी वही वाचली आणि आजोबांना विचारलं, "बाबा, तुमाले तीव्र वेदना होते का?" आजोबा घाबरून म्हणाले, "नाही बाप्पा, तसलं काही नाही. फक्त दाढ दुखते." गजाननला परत बाकावर जावं लागलं. पुढं कॉलेजात सरकारी दवाखान्यातले रुग्ण आमच्यासमोर बसायचे, तेव्हा शहरातली मुलं त्यांना काय होतंय ते तीन-तीनदा विचारत. मला एकदाच पुरे व्हायचं.

दुपारी सगळ्यांनी आपापली भाकर सोडायची, आणि जेवून झालं की ब्रश घेऊन दवाखान्यासमोरच्या गल्लीत रांगेत उभं राहायचं. भर उन्हात आठ-दहा पोरं तोंडात फेस घेऊन उभी, आणि पुढून डॉक्टर हात मागं बांधून चालताहेत, तपासताहेत. समोरचा चहावाला रोज विचारायचा, "डॉक्टर, आज किती दात धुतले?" डॉक्टर खरोखर हिशेब करून आकडा सांगायचे.

आणि मग दुपारभर साबण. कॉलेजात पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात. मेण महाग आणि उन्हाळ्यात वितळतं, म्हणून डॉक्टर कपडे धुण्याचा पिवळा साबण आणत. छत्रीच्या काड्या घासून त्यांनी स्वतः कोरण्या केल्या होत्या. खऱ्या दाढेच्या दुपटीनं मोठी दाढ कोरायची. संध्याकाळी डॉक्टर सगळ्यांच्या दाढा ओळीनं मांडत आणि फळ्यावर तीन रकान्यांत नावं लिहीत. पहिला रकाना 'दाढ'. दुसरा 'दाढेसारखं'. तिसरा 'बटाटा'. मग त्या सगळ्या दाढा खाली बेसिनवर जात. दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस आमच्या दाढांनी हात धुई. सुमनबाई नव्या रुग्णाला सांगत, "घाबरू नका, साबणच हाये. पोट्ट्याहीनं केला."

माझं नाव तिसऱ्या रकान्यात असे. रोज.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचेच बटाटे होते. दुसऱ्या आठवड्यात गजानन 'दाढेसारखं'मध्ये गेला आणि त्यानं मला चिडवलं, "सुळेवाले, तुह्या बटाट्याची भाजी त कर." तिसरा आठवडा संपत आला, माळ्यावरची सगळी पुढं सरकली, आणि तिसऱ्या रकान्यात मी एकटी उरले. कोरणी माझ्या हातात वळत नसे. जिथं हलकं दाबायचं तिथं साबणाचा ढलपा निघे.

मला याचं कारण माहीत होतं. मी डावरी आहे.

लहानपणी मी डाव्या हातानं जेवायला लागले, की आई हातावर चापट मारायची. शाळेत बाईंनी पट्टी मारली. त्यांना मी दोष देत नाही; आमच्याकडं असंच होतं. डाव्या हातानं कोणाला काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, ताटाला लावायचा नाही. तो हात कशाचा, हे सगळ्यांना माहीत असतं. मग मी लिहायला आणि जेवायला उजवी झाले. चारचौघांत उजवी. एकटी असले, की शेंगा सोलणं, सुई ओवणं, शिवण उसवणं, सगळं आपोआप डाव्यानं. परीक्षेच्या दिवशी भिंतीकडं तोंड होतं, वाटी मांडीत होती, म्हणून दाणे वाचले. पण कोरायला बसल्यावर पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "कोरणी उजव्या हातात," आणि पुढं गेले होते. त्यांनी ते सगळ्यांनाच उद्देशून, काही विचार न करता म्हटलं होतं. तपासायची खुर्ची, दिवा, ट्रे, सगळं उजव्या हाताच्या माणसासाठीच केलेलं असतं. मी मात्र ते वाक्य माझ्यासाठीच आहे असं धरून बसले. आणि मनातून मला ते पटतही होतं. कोणाच्या तोंडात घालायचा हात. तो डावा कसा चालेल?

बोलून दाखवावं असं रोज वाटे, आणि रोज भीती वाटे. कारण उन्हाळी संपली की डॉक्टर स्कूटरवर बसून एकेकाच्या घरी जात आणि आईबापांना खरं ते सांगत. हात चालतो, किंवा हात चालत नाही, पोराला दुसरीकडं पाठवा. बाबांनी मला एवढंच म्हटलं होतं, "पाच वर्षं दूर ठेवाचं हाये तुले. डॉक्टर हो म्हणतीन त जाशीन. नाही म्हणतीन त मेहकरच्या कॉलेजात नाव टाकू." बाबांचा माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. त्यांना ही वाट माहीत नव्हती, म्हणून माहीत असलेल्या माणसाच्या शब्दावर त्यांनी सगळं टेकवलं होतं.

तिसऱ्या शनिवारी डॉक्टर माझ्यासमोर येऊन बसले. माझ्या बटाट्याकडं बरंच बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "शेंगा कोणी सोलल्या होत्या?"

मी म्हटलं, "मीच."

"मग हे काय हाये?"

मी मांडीवरचा साबणाचा चुरा गोळा करू लागले. त्यांना वाटलं, मी खोटं बोलतेय. ते उठून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटलं होतं, ते मला दिसलं.

त्या रविवारी घरी आई अंगणवाडीच्या मिटिंगला गेली होती. मी दाराला कडी लावली आणि डाव्या हातानं एक दाढ कोरली. दोन तासांत झाली. वरचे चार उंचवटे, त्यांच्यामधली घळ, बाजूची गोलाई, सगळं जिथल्या तिथं. ती पाहून मला आनंद झाला नाही, रडू आलं. कारण ती माझी म्हणून दाखवायची सोय नव्हती. फेकवतही नव्हतं. सोमवारी सकाळी मी ती गुपचूप बेसिनवरच्या डबीत ठेवून दिली आणि माळ्यावर जाऊन बसले.

अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर वर आले. हाताला कोपरापर्यंत फेस, आणि तळहातावर माझी दाढ. ते अर्धे हात धुऊन तसेच आले होते.

"हे कोणाचं?"

गजानन मान उंचावून बघू लागला.

"माहं नाही," गजानन म्हणाला. "माह्या बापाच्यानंबी नाही होणार."

खालून सुमनबाईंचा आवाज आला, "डॉक्टर, तो माणूस जबडा पसरून बसला हाये. खाली या."

"बसू द्या," डॉक्टर म्हणाले. फेस जमिनीवर ठिबकत होता. त्यांनी एकेकाकडं पाहिलं, आणि माझ्याकडं येऊन थांबले. माझ्या चेहऱ्याकडं नाही. मांडीवर ठेवलेल्या हातांकडं. डावा हात मी उजव्याखाली झाकून ठेवला होता. त्यांनी साबणाचा एक कोरा तुकडा माझ्यासमोर ठेवला, शेजारी कोरणी ठेवली आणि नुसते उभे राहिले. मी आधी उजवा हात बाजूला केला. मग डाव्या हातानं कोरणी उचलली.

चार-पाच वेळा कोरणी फिरली असेल. डॉक्टरांनी माझ्या हातातली हालचाल बघितली, वळले आणि खाली गेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर गेलो तर फळ्यावर आधीच नाव लिहिलेलं होतं. 'बटाटा'च्या रकान्यात, डॉक्टरांचं स्वतःचं. खाली टेबलावर एक साबणाचा गोळा होता. गजाननचा पहिल्या दिवशीचा बटाटासुद्धा त्याच्यापेक्षा बरा होता.

"हे काय, सर?" गजाननने विचारलं.

"डाव्या हातानं केलं," डॉक्टर म्हणाले. "काल संध्याकाळपासून सात केले. हा त्यातला चांगला." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्या तीन आठवडे हिच्याकडून हेच करून घेतलं."

माफी मागणं त्यांना जमत नसे. यापेक्षा जास्त ते काही म्हणाले नाहीत, आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

मग त्यांनी सुमनबाईंना सांगितलं की दुपारचे रुग्ण उद्यावर टाका, आणि खाली सगळी उलथापालथ सुरू केली. ट्रे इकडचा तिकडं, स्टूल तिकडं, दिव्याची मान पिळून उलट्या बाजूला. थुंकायचं भांडं पाइपाला जोडलेलं, ते हलेना, तर त्यांनी सुमनबाईंना बादली घेऊन उभं केलं. सुमनबाई म्हणाल्या, "तीस वर्षं झाली मले इथं. उजवीकडं बादली धरून उभं राहाची पाळी आजच आली." पण उभ्या राहिल्या. डॉक्टर चष्मा काढून खुर्चीत आडवे झाले आणि मला म्हणाले, "ये. पाह्य."

आम्ही कोणीही तोपर्यंत डॉक्टरांचे दात पाहिलेले नव्हते. दाट मिशी आणि बोलताना ओठ कमी हलवायची सवय. हजारो माणसांना तोंड उघडायला लावणारा माणूस स्वतःचं तोंड कधी उघडत नसे.

मी हातमोजे घातले. आरसा डाव्या हातात घेतला. तो हात थरथरत होता. त्यांनी डोळे मिटलेले होते, पण हात वर करून माझं तिसरं बोट आपल्या हनुवटीवर टेकवलं. "बोट टेकव. मग हात हलत नाही." बोट टेकल्यावर खरंच हात थांबला. त्यांनी तोंड उघडलं.

"काय दिसते ते सांग," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मी सांगत गेले. पुढचे दात एकमेकांवर चढलेले. वरची एक दाढ भरलेली. मग मी थांबले.

"खालची डावी सहावी नाही, सर."

मी आरसा बाहेर काढला. ते म्हणाले, "आठवीत होतो. लय दुखे. बापानं बाजारात नेलं. तिथं एक माणूस बसे, पुढं दातांचा ढीग मांडून. त्यानं काढली." थोडं थांबून म्हणाले, "दुखणारी शेजारची होती."

मग परत तोंड उघडून पडून राहिले. मी सगळे दात मोजले, एक एक पाहिला. मागं सगळी पोरं जिन्यावर उभी होती. कोणी हसलं नाही.

त्यानंतरचे आठवडे मी डाव्या हातानं कोरलं, आणि माझं नाव पहिल्या रकान्यात गेलं. पण घरी मी हे सांगितलं नव्हतं. डॉक्टर येतील आणि सांगतील, एवढंच मनाशी धरून होते. आणि ते सांगतील तेव्हा काय होईल, याचीच धास्ती होती.

शेवटच्या रविवारी ते स्कूटरवर जानेफळला आले. बाबांनी सकाळी जीप धुऊन ठेवली होती, विहारातून एक प्लास्टिकची खुर्ची आणून अंगणात टाकली होती. डॉक्टर खुर्चीत बसले नाहीत. आधी बाबांसमोर उभे राहिले. "तोंड उघडा." बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि उघडलं. "वरची डावी भरून घ्या. तंबाखू सोडा," ते म्हणाले.

"घेतो, साहेब," बाबा म्हणाले. "पोरीचं सांगा."

"पोरीचा हात चांगला हाये. माह्या माळ्यावर इतका चांगला हात आजवर आला नाही. डावा हाये."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "डावा कसा? म्या मोडली होती ते सवय."

"मोडली नाही, बाई. तुमच्यासमोर ते उजव्यानं करते, एवढंच."

आई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ती रागावेल. पण ती डॉक्टरांकडं वळली, आणि मी तिला परक्या माणसासमोर इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, तुम्ही शिकलेले हा. तुमाले काही वाटणार नाही. पण म्या हिले उगाच नाही मारलं. आपल्या हातचं पाणी गावातले लोकं आत्ता कुठं घ्याले लागले. अंगणवाडीत म्या खिचडी वाढली त सुरुवातीले दोन बाया लेकरं उचलून नेत होत्या. त्यात हिचा हात डावा. कोण हिच्यापुढं तोंड उघडीन?"

डॉक्टरांनी तिला समजावायचा प्रयत्न केला नाही. मला वाटतं, या प्रश्नाला बोलून उत्तर देता येत नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांनी पिशवीतून स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला उकळलेला आरसा आणि हातमोजे काढून माझ्या हातात दिले.

"म्या उघडलं होतं," ते म्हणाले. "आता तुम्ही उघडा. पटलं नाही त उठून जा. घर तुमचंच हाये, मले राग नाही येणार."

आईनं बाबांकडं पाहिलं. बाबा जीपच्या टायरकडं बघत होते. मग आईनं पदर कमरेशी खोचला, पायरी उतरून आली आणि विहाराच्या त्या खुर्चीत उन्हाकडं तोंड करून बसली. तिनं डोळे मिटले. मग तोंड उघडलं.

मी माझ्या आईच्या तोंडात त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती हसायची तेव्हा तोंडापुढं पदर असायचा. मी तिसरं बोट तिच्या हनुवटीवर टेकवलं, आणि डावा हात आत नेला. ज्या हातावर तिनं इतकी वर्षं चापट मारली होती, तो तिच्या ओठांना लागला तेव्हा ती किंचित आक्रसली. पण मान मागं घेतली नाही.

खालच्या डाव्या बाजूच्या दोन दाढा हिरडीपर्यंत किडून पोकळ झाल्या होत्या. आई भाकर वरणात कुस्करून खाते, हळूहळू खाते, हे मी लहानपणापासून बघत होते. मला वाटायचं, तिला तशीच आवडते.

"काय दिसते?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. आरसा बाहेर काढला आणि आईला विचारलं, "माय, कधीपासून?"

"तू चौथीत होती," ती म्हणाली. "तवापासून ठणकते."

मला वाटलं, आता ती उठेल. बाबाही दोन पावलं पुढं आले होते. पण आई उठली नाही. तिनं खुर्चीतच जरा सरकून घेतलं, मान दुसरीकडं वळवली, आणि परत तोंड उघडण्याआधी मला म्हणाली,

"इकडूनबी पाह्य. इकडंबी दुखते."